पाणकोंबडी आणि आगाऊ सत्कार

आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून जी जागा दिसते तिला महापालिकेच्या नकाशात खुली जागा म्हणतात. कॉलनीतले लोक तिला 'ती घाण' म्हणतात. माझी बायको तिला 'माझं' म्हणते. नासर्डी नदीकडे जाणारा एक ओढा तिथे जरा रेंगाळतो, त्यामुळे उन्हाळ्यातही ओल टिकून असते. पाणकणसाचं दाट बेट आहे, पाण्यावर झुकलेल्या काही बाभळी आहेत आणि उरलेल्या जागेत घाणेरी, रुई आणि वाऱ्याने आणलेल्या कॅरीबॅगा. 'माझं' म्हणावं असं त्यात काय आहे ते कळायला मला फार वेळ लागला. कळल्यावर मी त्या जागेचं भलं करायला निघालो आणि ती जागा जवळजवळ घालवून बसलो. ते कसं झालं हे एकदा नीट सांगून टाकावं म्हणतो.

सुरुवात स्कूटरपासून झाली. पाथर्डी फाट्याकडून घरी येत होतो. मी मान मागे वळवून बायकोला सांगत होतो की हा रस्ता आता किती छान झालाय, आणि ते वाक्य संपायच्या आत खड्डा आला. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचा पाय मात्र असा मोडला की आत धातूची पट्टी घालावी लागली, आणि नंतरही तो पूर्वीसारखा झाला नाही. तिने मला एकदाही बोल लावला नाही. भेटायला येणारा कुणी विचारायचा, कसं झालं हो, तर ती माझ्याकडे न बघता म्हणायची, "रस्ता छान होता." मी चहा आणायच्या निमित्ताने आत जायचो.

रोज सकाळी गोदाकाठी चालायला जाण्याची तिची जुनी सवय होती. ती सुटली. मग तिने मागच्या खिडकीशी खुर्ची ओढून घेतली, पाय स्टुलावर ठेवला आणि ओढ्याकडे बघायला लागली. पहिले काही दिवस मला वाटलं, बिचारी करणार काय. मग एकदा ऑफिसातून आलो तर ती म्हणाली, "आज ती दोघंही आली होती." कोण दोघं, असं मी विचारलं. तिने वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक मागवलं होतं. त्यातलं चित्र दाखवलं. पाठ काळपट, तोंड नि छाती पांढरीशुभ्र, आणि शेपटीखाली कुंकवासारखा तांबूस रंग. लाजरी पाणकोंबडी. नाव लाजरी, पण पावसाळ्याच्या तोंडावर पहाटेपासून अशी ओरडते की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी पाण्याचा पंप बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावला होता. बाकी सगळा वेळ ती पाणकणसात. शेपटी वरखाली करत दबकत बाहेर येते आणि कुणाच्या घरात प्रेशर कुकरची शिट्टी झाली तरी आत पळते.

बाभळीवर सुगरणींची घरटी होती, विजेच्या तारेवर खंड्या बसायचा. पण बायकोची माणसं म्हणजे ही दोघं. त्यांच्या येण्याजाण्यावर तिचा दिवस ठरायला लागला. ती आली नाहीत की भाजीत मीठ जास्त पडायचं, हे मी तक्रार म्हणून नाही, निरीक्षण म्हणून सांगतो.

मग तिथे ट्रॅक्टर यायला लागले. आमच्या बाजूला जुने बंगले पाडून इमारती उठतायत. त्यांचा राडारोडा टाकायला कुणाला तरी ही जागा सापडली. उजाडायच्या सुमारास ट्रॅक्टर यायचा, विटा आणि फरश्यांचे तुकडे ओतून निघून जायचा. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "अहो, पाणकणसाची उजवीकडची कड गेली." एवढंच. मग आमटी वाढून घेतली. तुम्ही काहीतरी करा, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. थोडी कुरकुर करता आली असती.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्याच्या कामातले दोष शोधून ते मुद्देसूद लिहून काढणं हा माझा पेशा. तेव्हा मी मुद्देसूद निवेदन लिहिलं, फोटो जोडले आणि लोकशाहीत ज्यांना ज्यांना पाठवता येतं त्या सगळ्यांना पाठवलं. महापालिकेवर त्या काळात प्रशासक होते. आमच्या प्रभागाच्या माजी नगरसेविकांनी फोनवर फार आपुलकीने सांगितलं की भाऊ, आमची मुदत संपली, आता आम्हाला शिपाईसुद्धा पाणी विचारत नाही, तुम्ही आमदारांना गाठा. खासदारांच्या कार्यालयाकडून उत्तर आलं की आपलं निवेदन संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. तो विभाग कोणता, हे मला आजतागायत समजलेलं नाही. आमदारांकडून निवेदनाला उत्तर आलं नाही, पण निवेदनात माझा नंबर होता, तो त्यांच्या कार्यालयाने जपून ठेवला. तेव्हापासून मला त्यांच्या फोटोसह सगळ्या सणांच्या शुभेच्छा येतात. वटपौर्णिमेला "माझ्या भगिनीस" अशी सुरुवात असलेला संदेश आला. तो मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "चला, दखल घेतली म्हणायची."

आमच्या खालच्या मजल्यावर आप्पा राहतात. मनमाडला रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य काढून ते मुलाकडे नाशिकला आले. त्यांनी इतकी वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून पुढे काय चाललंय याचा अंदाज घेतला आहे, त्यामुळे राजकारण त्यांना आमच्यापेक्षा बरं कळतं. एका रविवारी मिसळ खायला गेलो असताना मी त्यांना माझी सगळी निवेदनं ऐकवली. त्यांनी शांतपणे रस्सा मागून घेतला.

"भाऊ, तुमचं इंजिन उलट्या बाजूला लागलंय," ते म्हणाले. "निवेदन देणारे त्याच्या दारात रोज रांग लावत्यात. सत्कार करणारा कोण येतो? तुम्ही त्याला बोलवा. शाल, श्रीफळ, फेटा. आजवर सत्काराला नाय म्हणलेला पुढारी मी बघितला नाय."

मी म्हणालो, "पण आप्पा, त्यांनी अजून काही केलेलं नाही."

"म्हणून तर. केल्यावर सत्कार केला की माणूस मोकळा होतो. आधी केला की त्याच्यावर ओझं बसतं."

आपल्याकडे हे काही नवीन नाही. शाळेला खोली मिळायच्या आधी शिक्षणमहर्षी होतात, पाणी यायच्या आधी जलदूत होतात. पण मी स्वतः कधी त्यात हात घातला नव्हता. आमच्या तपासणी विभागात माल बघितल्याशिवाय शिक्का मारला तर नोकरी जाते. मी दोन दिवस झोपलो नाही असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर मी झोपलो, आणि सकाळी उठून मानपत्राचा मसुदा लिहायला बसलो. पदवी 'पक्षिमित्र' ठरली. बायकोला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मार्क आधी आणि पेपर नंतर."

आषाढात कॉलनीच्या सभागृहात कार्यक्रम झाला. आमदार उशिरा आले, पण आले, आणि आल्या आल्या माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "काय सर." मी शिक्षक नाही हे सांगायचं त्या गर्दीत राहून गेलं, ते आजवर राहिलंच आहे. माणूस मोठा लोभस. फेटा बांधून घेताना त्यांनी बांधणाऱ्याच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी केली. मी मानपत्र वाचलं. आवाज जरा कापला, पण लोकांना ते भावनेमुळे वाटलं असावं.

मग ते बोलायला उठले. उठल्या उठल्या त्यांनी खिशातून फोन काढला, व्यासपीठावरूनच एका अधिकाऱ्याला लावला आणि माइकसमोर सांगितलं की उद्यापासून त्या ओढ्यावर एकही ट्रॅक्टर दिसता कामा नये. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण दुसऱ्या दिवसापासून खरंच एकही ट्रॅक्टर आला नाही. माझ्या सगळ्या मुद्देसूद निवेदनांनी जे झालं नाही ते एका फेट्याने झालं. तिथेच ते थांबले असते तर आप्पांचा मी जन्मभर ऋणी राहिलो असतो.

पण ओझं बसलं होतं. ते म्हणाले, "सरांनी मला पक्षिमित्र केलंय. नुसतं ट्रॅक्टर बंद करून पक्षिमित्र होता येत नाही. इथे आपण पक्षी उद्यान करणार." आणि मग एकेक गोष्ट येत गेली. ओढ्याला दोन्ही अंगांनी पक्की भिंत. मधे कारंजं. पेव्हर ब्लॉकचा रस्ता. रात्री रंगीत दिवे. फोटो काढायला वेगळी जागा. आणि नाशिकचं वैभव दिसलं पाहिजे म्हणून फायबरचे मोठमोठे पक्षी, मोर, बगळे, राजहंस. आमदार निधीतून, आचारसंहिता लागायच्या आत.

सभागृहात टाळ्या झाल्या. त्या सगळ्यात आधी मी वाजवल्या. का वाजवल्या, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. व्यासपीठावर बसलेल्या माणसाचे हात आपोआप एकमेकांकडे जातात, यापलीकडे मला काही सापडलं नाही.

बायको कार्यक्रमाला येऊ शकली नव्हती, पण लाउडस्पीकर आमच्या खिडकीपर्यंत पोचत होता. मी घरी आलो, उरलेला हार टेबलावर ठेवला.

"पक्षी कसले म्हणाले ते?" तिने विचारलं.

"फायबरचे."

"बरं झालं," ती म्हणाली. "ते ओरडणार नाहीत. पंपवाल्याचे पैसे वाचले."

 श्रावणात पाणकोंबडीची पिलं बाहेर आली. काळ्या लोकरीचे गोळे, आईच्या मागे एका ओळीत. त्याच आठवड्यात टेप घेऊन माणसं आली. त्यांनी जागा मोजली आणि पाणकणसाच्या अगदी कडेने फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. पावसाने रेघा पुसल्या, ते पुन्हा येऊन मारून गेले. बायको खिडकीत बसून पिलांकडे बघायची आणि मी तिच्या मागे उभा राहून रेघांकडे बघायचो. राडारोडा टाकणाऱ्याने एक कड घेतली होती. मी फेटा बांधून सगळंच देऊन टाकलं होतं.

शेवटी एका सकाळी मी आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. बदली, दाखला, ॲडमिशन, लाइटचा खांब अशी कामं घेऊन बाकड्यांवर बरीच माणसं बसली होती. त्यांच्या पीएने माझं नाव लिहून घेतलं. पोरगा तिशीचा असेल, मला काका म्हणत होता. मी पन्नाशीच्या पुढे गेलोय, पण मनातून अजून दादाच्या हद्दीत आहे.

"बोला काका, मागणी काय?"

मी म्हणालो, "एक काम होऊ नये अशी मागणी आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे कामाच्या दर्जाबद्दल तक्रार?"

"नाही. काम अजून सुरूच झालेलं नाही."

"मग काम सुरू होत नाही अशी तक्रार लिहू?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, आणि फार सहानुभूतीने म्हणाला, "काका, असं आमच्याकडे बसत नाही कशात. तुमच्याकडे खड्डा वगैरे काही नाही का? खड्ड्याचं आजच्या आज करून देतो." माझ्या डोळ्यांसमोर स्कूटर आली. खड्ड्याचं निवेदन मी कधीच दिलं नव्हतं, कारण तो खड्डा रस्त्यापेक्षा माझा जास्त होता.

आमदारांनी आत बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे मी लिहिलेलं मानपत्र फ्रेम करून लावलं होतं. त्यात 'भव्य' हा शब्द दोनदा आहे हे मला तिथे बसल्यावर दिसलं. मी सगळं सांगितलं. भिंत बांधली की पाणकणीस जाणार, पाणकणीस गेलं की पाणकोंबडी जाणार, दिवे लागले की उरलेलेही जाणार. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग हसले.

"सर, काम केलं नाही म्हणून मला रोज शिव्या बसतात. काम करू नका म्हणून हात जोडणारे तुम्ही पहिलेच. तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. पण उद्या मत मागायला जाईन तेव्हा लोकांना दाखवू काय? पाणकणीस?"

 भिंत दाखवता येते, कारंजं दाखवता येतं, त्यावर नाव लिहिता येतं, त्याची फीत कापता येते. जे आहे ते तसंच ठेवलं याची फीत कशी कापणार? त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. चहाही पाजला. मी हरून बाहेर आलो तेव्हा बाकड्यावरच्या एका बाईंनी विचारलं, झालं का काम? मी म्हणालो, होणार आहे, हीच तर पंचाईत आहे.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "त्यांना घरी बोलवा."

"ते कशाला येतील?"

"गणपतीत आरतीला येतातच की. खालून वर यायला जिना आहे."

गणपतीच्या दिवसांत पुढारी मंडळामागून मंडळ आरत्या करत फिरतात हे खरं, पण ते संध्याकाळी. तेव्हा अंधारात खिडकीतून दाखवणार काय? हा प्रश्न आप्पांनी सोडवला. सत्काराचा सल्ला आपल्या अंगाशी आला याचं त्यांनाही थोडं लागलं होतं, फक्त ते ते मान्य करत नव्हते. त्यांनी पीएला फोन करून सहज कानावर घातलं की आमच्या मंडळाच्या संध्याकाळच्या आरतीचं जरा अवघड आहे, दुसऱ्या पक्षाचे इच्छुक विचारत होते. त्याच दिवशी निरोप आला की साहेब सकाळच्या आरतीला येतील. मी आप्पांना म्हणालो, हे खोटं झालं.

"खोटं कुठं?" आप्पा म्हणाले. "इच्छुक हायेच की गावात. त्याला आपण बोलावलं नाय, एवढंच."

सकाळी आरती झाली. आमदारांनी मनापासून टाळ्या वाजवत आरती म्हटली. त्यांना सगळी कडवी पाठ होती, मला नव्हती. मग मी म्हणालो, साहेब, मंडळी वर वाट बघत्येय, मोदक केलेत. मोदकाला ते नाही म्हणाले नाहीत. पण ते एकटे कुठले येणार? पीए, अंगरक्षक, कार्यकर्ते आणि आप्पा असे सगळे आमच्या मागच्या खोलीत शिरले आणि त्या एका खिडकीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. बायकोने खुर्ची मागे घेतली.

पाणकोंबडी काही आली नाही. मी बोटाने जागा दाखवत होतो. ती तिथून निघते, इथे येते, पिलं अशी रांगेत. सगळे पाणकणसाकडे बघत होते आणि पाणकणीस वाऱ्याने हलत होतं. एका कार्यकर्त्याने शीळ घालून बघितली. दुसऱ्याने फोनवर व्हिडिओ सुरू केला आणि थोड्या वेळाने बंद केला.  कारखान्यात एखादा सुटा भाग सदोष आहे असं मी ठामपणे सांगावं आणि साहेबांसमोर तो नेमका बरोबर निघावा, तसं झालं होतं.

बायको मागून म्हणाली, "ती यायची नाही. एवढी माणसं एका खिडकीत बघून ती येत नाही." मग म्हणाली, "उद्यान झालं की याहून जास्त येतील, रोज."

 आप्पा खोकले. आमदारांनी एकदा बाहेर बघितलं, एकदा तिच्या स्टुलावरच्या पायाकडे बघितलं आणि बरोबरच्या लोकांना म्हणाले, "तुम्ही सगळे खाली व्हा. मी आलोच." मी थांबणार होतो, पण बायकोने मला नजरेने स्वयंपाकघरात पाठवलं. चहा टाका, असा त्या नजरेचा अर्थ होता. मी टाकला. उकळून उकळून तो काळा झाला तरी बाहेरून कुणी हाक मारली नाही. खाली पीए जिन्याच्या तोंडाशी येऊन घड्याळ बघत होता. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी ट्रे घेऊन गेलो.

आमदार बायकोच्या खुर्चीत बसले होते, डोळे चोळत. आरतीला बांधलेला फेटा मांडीवर होता. बायको पलंगाच्या कडेवर बसली होती.

"वहिनी, ही जागा बरी आहे," ते म्हणाले. आवाज जड झाला होता. "गणपती बसल्यापासून धड झोप नाही. इथे कसा डोळा लागला कळलं नाही."

बायको म्हणाली, "तुम्ही झोपलात तेव्हा ती आली होती. पिलं घेऊन."

"मग उठवायचं नाही का?"

"उठवलं असतं तर तीही गेली असती आणि झोपही."

ते हसले नाहीत. मोदक उचलला, तूप मागून घेतलं, खाल्ला. मग म्हणाले, "पण निधी मंजूर आहे. काम केलं नाही तर विरोधक म्हणतील आमदाराने काम पळवलं. मला काहीतरी करायलाच लागेल."

"कारंजं पुढच्या मैदानात करा, तिथे मुलं असतात," ती म्हणाली. "तुमचे मोरही तिथेच ठेवा. इथे नुसतं कुंपण घाला, राडारोडावाले परत येणार नाहीत असं."

"आणि उद्घाटन?"

"कुंपणाचं करा. नारळ मी देते."

पाणकोंबडी न बघता, खुर्चीत घोरून, तो माणूस पक्षिमित्र झाला. माझी निवेदनं, माझं मानपत्र, ओढ्याच्या ओलीबद्दल मी पाठ करून ठेवलेली वाक्यं, यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडली ती एक खुर्ची, आणि ती खिडकीशी आली त्याला कारण माझी स्कूटर. याचं श्रेय घ्यावं की याची लाज वाटावी हे मला ठरवता आलेलं नाही, म्हणून मी दोन्ही थोडं थोडं करतो.

दसऱ्याच्या सुमारास पुढच्या मैदानात कारंजं झालं. फायबरचे मोर आले. पोरं त्यांच्यावर घोड्यासारखी बसतात आणि एका मोराची मान आत्ताच थोडी वाकडी झाली आहे. मागे ओढ्याभोवती जाळीचं कुंपण लागलं. पाणकणसाला कुणी हात लावला नाही. उद्घाटनाला आमदार वेळेवर आले. फीत कापली, बायकोने दिलेला नारळ फोडला आणि कुंपणालगतच्या फलकाचा पडदा ओढला. भलामोठा फलक. त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'ही जागा आहे तशीच राखण्यात आली आहे. मा. आमदार यांच्या विशेष प्रयत्नांतून.' काहीही न करण्याचं इतकं स्वच्छ श्रेय मी आजवर कुठे वाचलं नव्हतं. मी टाळ्या वाजवल्या. पुन्हा सगळ्यात आधी.

मग सहज वर आमच्या खिडकीकडे बघितलं, आणि हात तिथेच थांबले. फलक ओढ्याच्या आमच्या बाजूला उभा होता, तोंड पलीकडच्या रस्त्याकडे. पाठ आमच्याकडे. कार्यक्रम संपल्यावर जिना दोन दोन पायऱ्या चढत मी वर गेलो. खिडकीतून पत्र्याची करडी पाठ दिसत होती, लोखंडी अँगल दिसत होते आणि त्यांच्या आड जवळजवळ अर्धं पाणकणीस गेलं होतं. फलकाचे पाय मात्र जरा उंच होते. खाली वीतभर फट होती.

बायको नेहमीच्या जागी नव्हती. खुर्चीही नव्हती. दोन्ही पलीकडे, खिडकीच्या अगदी डाव्या टोकाला सरकल्या होत्या. तिथून बाभळी दिसतात आणि ओढ्याचा वळणाचा तुकडा दिसतो. मी टेबलाशी बसलो, कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. फलक चार हात बाजूला सरकवण्याबाबत, एवढं मनात जुळलं होतं.

"काय लिहिताय?" तिने मान न वळवता विचारलं.

"साहेबांना एक छोटीशी विनंती करावी म्हणतो. फलकाबद्दल."

"पेन ठेवा ते खाली," ती म्हणाली. "आणि इकडे या. हळू या."

मी गेलो. तिने बोटाने फलकाखालची फट दाखवली. पत्र्याच्या खालून पिवळसर हिरव्या रंगाचे दोन लांब पाय सावकाश चालत गेले. वरचं काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या मागे, थोडं अंतर ठेवून, आणखी काही पाय गेले. आता ते फार लहान राहिले नव्हते.